पान्हा-पक्कड बाहेर काढण्याआधी

घरदुरुस्तीबद्दल वाचकांची पत्रं आणि सांगलीच्या एका वायरमनची उत्तरं

या महिन्यातल्या पत्रांत विषय नेहमीचेच आहेत. वायरिंग, गळती, बाथरूम. पण पत्रं वाचून खाली ठेवली तेव्हा जाणवलं, की सगळ्यांची खरी तक्रार माणसांबद्दल आहे. कुणाचा कारागीर ऐकून घेत नाही, तर कुणा कारागिराला गिऱ्हाईक साधं पाणी विचारत नाही. सांगलीत वायरमनचं काम करताना, प्लंबर आणि गवंड्यांबरोबर लोकांची घरं उघडताना माझं एक मत पक्कं झालंय. ज्याच्या घरात काम आहे त्याच्या जागी उभं राहून बघणं हा कामाचाच भाग आहे, आणि ते जमत नसेल तर फॉल्टसुद्धा नीट सापडत नाही. म्हणून या वेळी संपादकांकडून जागा थोडी जास्त मागून घेतली आहे.

काका, मी आयटीआयचा दोन वर्षांचा वायरमन ट्रेड पूर्ण केला, परवानाही काढला. आयएसआय मार्कचाच माल वापरतो, फिटिंग स्वच्छ करतो, दर रास्त लावतो. तरी एकदा गेलेल्या घरातून दुसऱ्यांदा फोन येत नाही. आमच्याच गल्लीतल्या एका जुन्या वायरमनचं काम माझ्यापेक्षा ओबडधोबड असतं, पण लोक त्याच्यासाठी चार दिवस थांबतात. माझं काय कमी पडतंय?
— एक वायरमन, तासगाव

मित्रा, तुझं पत्र दोनदा वाचलं. मालाबद्दल लिहिलंस, दराबद्दल लिहिलंस, फिटिंगबद्दल लिहिलंस. पण ज्या घरांत गेलास तिथल्या एकाही माणसाबद्दल त्यात ओळ नाही. मला वाटतं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे.

घरात शिरल्यावर तू पहिला प्रश्न कोणता विचारतोस? आपल्यातले बहुतेक जण विचारतात, "बोर्ड कुठाय?" बोर्ड दाखवला की स्क्रू-ड्रायव्हर हातात आणि पाठ घरच्यांकडं. त्याऐवजी पिशवी दाराशी ठेवून विचारून बघ, "काय होतंय? कधी होतंय? पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं?" आणि ज्याच्या लक्षात आलं त्यालाच बोलू दे. आपल्याला फोन करणारा कर्ता पुरुष बहुतेक वेळा कामावर निघून गेलेला असतो. बिघाड खरा माहीत असतो तो ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईला, नाहीतर दिवसभर घरात असणाऱ्या आजी-आजोबांना. त्यांच्याकडं आपले शब्द नसतात, पण फॉल्ट त्यांनी रोज पाहिलेला असतो.

"मिक्सर लावला की बाथरूमचा दिवा बारीक होतो" असं कुणी म्हणालं तर तिनं तुला सांगून टाकलंय, की त्या लाइनवर कुठंतरी जोड ढिला आहे, तो गरम होतोय. थ्री-फेजच्या घरात कुणी सांगितलं, की एका खोलीतला दिवा मंद जळतोय आणि दुसऱ्या खोलीतला नको इतका तेज झालाय, तर आधी मेन बंद कर आणि न्यूट्रल, म्हणजे करंटची परतीची वायर, तपास, नाहीतर टीव्ही-फ्रिज जातील. आणि "गीझरच्या पाण्याला हात लावला की झिणझिण्या येतात" हे वाक्य तर लोक ओशाळून, हसण्यावारी नेत सांगतात, कारण घरातल्या कुणीतरी आधीच त्यांना वेड्यात काढलेलं असतं. तू हसू नकोस. एलिमेंट फुटलेलं असतं, अर्थिंग तुटलेलं असतं, आणि त्या नळाखाली लहान मुलं अंघोळ करत असतात. त्या क्षणी गीझरची एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारी कळ, खाली कर, दुरुस्ती होईपर्यंत चुलीवर किंवा गॅसवर पाणी तापवायला सांग, अर्थिंग तपास आणि करंट गळला की सप्लाय आपोआप तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी नसेल तर ती का हवी ते घरच्यांना समजेल अशा भाषेत सांग. जिचं कुणी ऐकलं नव्हतं तिचं तू ऐकलंस, हे ते घर विसरत नाही.

आता गावभागातल्या एका वाड्यातलं काम सांगतो, कारण ते मला अजून लख्ख आठवतंय. जुनं लाकडी पट्टीचं वायरिंग, काळी गोल बटणं, उंच उंबरे. आजी एकट्या राहतात, मुलगा परगावी. निरोप असा होता, की ट्यूब उशिरा लागते, नवीन बसवून द्या. ट्यूब लावून बघितली. लगेच लागली. परत लावली, परत लागली. चोक ठीक, होल्डर ठीक. आता "काही झालं नाही आजी" म्हणून तिथून निघता आलं असतं. पण त्या ठामपणे म्हणत होत्या, की रात्री उशीर लागतो. म्हणून विचारलं, "आजी, रात्री उठता तेव्हा काय काय करता ते मला करून दाखवा."

त्या कॉटवर आडव्या झाल्या, मग उठून बसल्या. डावा हात भिंतीला लावला, तिथं कॅलेंडरचा खिळा होता त्याच्या खाली. मग गुडघ्यावर जोर देऊन उभ्या राहिल्या, भिंत चाचपत उंबऱ्यापर्यंत आल्या, उंबरा पायानं शोधला, तो ओलांडून पलीकडच्या भिंतीवरचं बटण दाबलं. कपाट हलवल्यापासून अलीकडून बटणाला हातच पोचत नव्हता. उशीर ट्यूबला लागत नव्हता, अंधारात गुडघ्यांना लागत होता. खिळ्याखाली जिथं त्यांचा हात टेकला होता तिथं पेन्सिलनं खूण केली आणि तिथंच नवं टू-वे बटण बसवलं, म्हणजे तोच दिवा दोन्हीकडून लावता येतो, कॉटवरून न उठता दाबता येईल असं. उंबऱ्याच्या बाजूला अर्ध्या वॉटचा छोटा दिवा दिला. माल म्हणावा तर थोडी वायर, थोडी पट्टी आणि दोन बटणं. ट्यूब बदलून आलो असतो तर बिल जास्त झालं असतं, आणि आजी तशाच अंधारात चाचपत राहिल्या असत्या.

तुमच्या गल्लीतला तो जुना वायरमन बहुधा हेच करत असणार. त्याचं फिटिंग तुझ्याइतकं सरळ नसेल, पण कोणत्या घरात कोण आजारी आहे, कुणाचं बाळ दुपारी झोपतं, कुणाकडं सोमवारी पाणी येतं हे त्याला माहीत असतं. तेवढं तूही शिकशील. फिटिंग तर तुझं चांगलं आहेच.

आणखी दोन बारीक गोष्टी. डीबी, म्हणजे सगळ्या एमसीबींची पेटी, बसवल्यावर प्रत्येक एमसीबीखाली मार्करनं मराठीत लिहून ये, "स्वयंपाकघर", "गीझर", "पंप". घरात जी व्यक्ती दिवसभर असते तिला समोर उभं करून दाखव, की ट्रिप झाल्यावर कळ एकदा वर करायची, पुन्हा पडली तर परत वर करायची नाही, फोन करायचा. आरसीसीबीवरचं "टी" लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबून बघायला शिकव. ती हे स्वतः करू लागली की तिची भीती जाते. आणि जिथं खरंच काही झालेलं नाही, तिथं "काही झालेलं नाही, फक्त येण्याचे एवढे द्या" असं स्पष्ट सांग. त्या घरातून फोन येईल.

आम्ही सांगलीत दत्तनगर भागात राहतो. 2019 च्या पुरात घरात छातीपर्यंत पाणी होतं. ओसरल्यावर आमच्या वायरमननं तीन दिवस लाईट चालू करू दिली नाही. सासूबाई आजारी, मोबाईल बंद, घरभर चिखल. आम्ही हातापाया पडलो तरी तो ऐकेना. तेव्हा झालेलं भांडण अजून मनात आहे. तो बरोबर होता का?
— एक गृहिणी, सांगली

ताई, ते दिवस मीही इथंच काढलेत, त्यामुळे तुमचा राग मला समजतो. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी 45 फुटांची. पाणी उतरल्यावर रस्त्यारस्त्यावर गाद्या, धान्याची पोती, मुलांची दप्तरं, लग्नाचे अल्बम, सगळं चिखलात लडबडलेलं. त्या वासात माणसाला एकच गोष्ट हवी असते, की निदान एक दिवा लागावा, म्हणजे घर परत आपलं वाटेल.

तुमच्या वायरमननं लाईट चालू केली नाही हे बरोबरच केलं. पुराचं पाणी नुसतं पाणी नसतं, गाळ असतो. तो पाइपांत, बोर्डांत, स्विचच्या आत जाऊन बसतो आणि वरून सगळं वाळलेलं दिसलं तरी आत ओला राहतो. अशा वायरिंगमध्ये करंट सोडला तर भिंतीला हात लावला तरी झटका बसू शकतो. म्हणून आधी मेन काढून ठेवायचं, बोर्ड उघडे करून धुवायचे, वाळवायचे, वायरींचं आवरण करंट गळू देतं का, याची मेगर या यंत्रानं तपासणी करायची. रीडिंग किमान 1 मेगाओम आलं तरच पुढचा विचार. पाण्यात बुडालेल्या एमसीबी आणि आरसीसीबी वाळवून परत वापरायच्या नसतात, त्या टाकूनच द्याव्या लागतात, कारण वेळेवर पडतील याचा भरवसा राहत नाही. हे दोन-तीन दिवसांचंच काम आहे, आणि त्या आठवड्यात प्रत्येक वायरमनला सगळ्या गल्लीनं बोलावलेलं होतं.

पण ताई, तुमचं भांडण त्या तीन दिवसांवरून झालं असं मला वाटत नाही. तुम्हाला त्यानं "नाही" म्हटलं आणि तो पुढच्या घरी गेला. त्या "नाही"च्या मागं काय आहे हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. माणूस इतका थकलेला असताना नुसता नकार ऐकला की त्याला वाटतं, आपल्याला वाऱ्यावर सोडलं. त्याच्याकडं त्या घरात थांबायला कदाचित पाच मिनिटं नव्हती. पण तीच पाच मिनिटं द्यायला हवी होती.

पूर आलेल्या भागातल्या वायरमन मंडळींनी हे लक्षात ठेवावं म्हणून लिहितो. बुडालेलं जुनं वायरिंग पूर्ण तोडून बाजूला करायचं. महावितरणनं मीटर तपासून सप्लाय दिला की मीटरपाशी एका कोरड्या लाकडी फळीवर नवी आरसीसीबी, नवी एमसीबी, एक होल्डर आणि एक प्लग बसवायचा. नवी वायर, चिखलाला न टेकता वरून खिळ्याला अडकवलेली. एक दिवा आणि एक मोबाईल चार्जिंगचा पॉइंट. एवढ्यावर घर तीन दिवस थांबू शकतं. मुलाला मुंबईला फोन लागतो, औषधाची बाटली दिसते, रात्री साप-विंचू दिसतो. पुरानंतर ते निघतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. ती फळी टांगल्यावर "बाकीचं परवा" म्हटलं तर कुणी भांडत नाही. चिपळूणला 2021 च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा आमच्यातले काही जण तिकडं मदतीला गेले होते. त्यांनी पहिल्यांदा अशाच फळ्या लावल्या.

अजून एक. ज्या घरांत पाणी दोनदा येऊन गेलंय तिथं नवं वायरिंग करताना पुराची खूण भिंतीवर बघूनच बोर्डांची उंची ठरवा. सगळ्या लाइन वरून, छताच्या बाजूनं खाली आणा, प्लग पॉइंट जमिनीलगत ठेवू नका, आणि वरचा मजला असेल तर त्याची लाइन स्वतंत्र करून घ्या, म्हणजे खालचं बंद करून वर थांबता येतं. त्या वायरमनला परत बोलवा, ताई. त्याला ही सगळी माहिती आहे, आणि तो घाबरणारा माणूस आहे, हे वायरमनच्या बाबतीत चांगलंच लक्षण आहे.

मी दिवसा घरी एकटी असते. दुरुस्तीसाठी अनोळखी माणूस आला की काम होईपर्यंत जीव टांगणीला लागतो. तसं कुणी वावगं वागलेलं नाही, तरीही. हे बोलून दाखवलं तर समोरच्याचा अपमान होईल का?
— एक वाचक, नाशिक

अपमान वगैरे काही होत नाही. भीती वाटते तर शेजारच्या काकूंना बोलावून बसवा, दार उघडं ठेवा, काम कुठं आहे तेवढीच खोली दाखवा. चांगल्या कारागिराला यातलं काहीच टोचत नाही, कारण त्याच्याही घरी आई-बहीण असते.

खरं तर ही काळजी तुमच्याआधी त्यानं घ्यायची असते. येण्याआधी फोन करून वेळ सांगायची. दार वाजवून दोन पावलं मागं उभं राहायचं. नाव आणि कुणी पाठवलंय हे आधी सांगायचं. बेडरूममध्ये, देवघरात विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. काम चालू असताना "ताई, आता पाच मिनिटं लाईट जाईल", "आता ड्रिलचा आवाज होईल" असं सांगत राहायचं, म्हणजे आत काय चाललंय याचा अंदाज घरातल्याला राहतो. माझ्या हाताखाली येणाऱ्या पोरांना हे मी पक्कड धरायला शिकवण्याआधी शिकवतो.

कोथरूडला आमच्या फ्लॅटच्या बाथरूममधून खालच्या घरात गळती होते. खालचे लोक रोज वर येतात, आता बोलणंही बंद झालंय. प्लंबर आला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "सगळं फोडावं लागेल." खर्चाचा आकडा ऐकून धडकी भरली. एकच बाथरूम आहे, वडिलांचं खुब्याचं ऑपरेशन झालंय. काय करावं?
— एक वाचक, पुणे

तुमच्या घरात दोन मिनिटं आणि खालच्या घरात शून्य मिनिटं, एवढ्यावर फोडायचा निर्णय घेणाऱ्याला काम देऊ नका. गळती वर असते पण ती दिसते खाली. खालच्या माणसाला भेटल्याशिवाय तिचं निदानच होत नाही. त्याला विचारावं लागतं, पाणी सतत ठिबकतं की फक्त सकाळी? तुमच्याकडं अंघोळी झाल्यावर वाढतं का? ओल कोमट लागते का? सतत ठिबकत असेल तर सप्लायच्या पाइपवर संशय, अंघोळीनंतरच वाढत असेल तर न्हाणी ट्रॅप (फरशीच्या जाळीखालचं सांडपाण्याचं भांडं) किंवा लाद्यांच्या सांध्यांवर, कोमट असेल तर गीझरच्या लाइनवर. खालच्या घरानं महिनाभर जे बघितलंय ते छिन्नीपेक्षा लवकर उत्तर देतं.

मग तपास असा करायचा. बाथरूमचा कॉक एक दिवस पूर्ण बंद ठेवून बघा, ओल थांबते का. नंतर न्हाणीच्या जाळीचं तोंड घट्ट बुजवून फरशीवर दोनेक इंच पाणी 24 तास भरून ठेवायचं. हवं तर पाण्यात रंग टाका. खाली रंग उतरला तर फरशी आणि ट्रॅप, नाही उतरला तर पाइप. पाइपची पंप लावून प्रेशर टेस्ट होते. जुन्या इमारतीत जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, पाइप असेल तर तो आतून गंजून सुईच्या टोकाएवढ्या भोकातूनही स्लॅब भिजवतो. अशा वेळी संपूर्ण बाथरूम उखडण्यापेक्षा ती लाइन बंद करून भिंतीवरून गरम पाणी सोसणाऱ्या सीपीव्हीसी प्लॅस्टिकच्या उघड्या पाइपची नवी लाइन टाकता येते. दिसायला साधी, पण वडिलांना बाथरूम त्याच दिवशी परत मिळतं. नुसते लाद्यांचे सांधे उघडले असतील तर ते खरवडून एपॉक्सी भरून भागतं. फोडणं शेवटचं.

या चाचण्या करण्याआधी प्लंबरनं तुमच्या वडिलांकडं बघायला हवं होतं. खुब्याच्या ऑपरेशननंतरच्या माणसाला आठ-दहा दिवस बाथरूम नाही, हे वाक्य एखाद्याला सहज कसं बोलवतं मला कळत नाही. फोडायचंच ठरलं तर आधी त्यांची सोय ठरवा. खोलीत कमोड-खुर्ची, किंवा तेवढे दिवस मुलीकडं. गवंड्याला सांगा, की राडारोडा रोजच्या रोज पोत्यात भरून खाली गेला पाहिजे, वाटेत एक खडा राहता कामा नये, वॉकर घसरतो. हे बारकावे अंदाजपत्रकात लिहून घ्या. जो कारागीर हे ऐकून स्वतःच म्हणेल, "मग धरायला दोन हँडलही आत्ताच बसवून टाकू, भिंत उघडीच आहे," त्यालाच काम द्या. नवं वॉटरप्रूफिंग झालं की लादी बसवण्याआधी पुन्हा पाणी भरून चाचणी झालीच पाहिजे.

आता खालचे लोक. त्यांच्याकडं प्लंबरला घेऊन तुम्ही स्वतः जा. छताला जिथं डाग आहे त्याच्या कडेनं पेन्सिलनं रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. त्यांच्यासमोर. काम झाल्यावरही स्लॅबमधली ओल सुकायला काही आठवडे लागतात आणि डाग लगेच जात नाही, हे आधीच सांगून ठेवायचं. नाहीतर चौथ्या दिवशी ते परत वर येतात आणि झालेल्या चांगल्या कामावरही अविश्वास बसतो. रेघेच्या बाहेर डाग वाढला नाही तर काम जमलंय, हे त्यांनाही स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. त्यांच्याही घरात भिजलेल्या छताखाली कुणीतरी झोपतं आहे. तुम्ही खाली गेलात तर बोलणं सुरू होईल.

खर्चाचं एक ध्यानात ठेवा. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरचे सामाईक पाइप, ड्रेनेज लाइन, गच्चीची गळती यांची दुरुस्ती सोसायटीनं करायची असते, आणि आपल्या फ्लॅटच्या आतल्या बाथरूम-संडासची आपण. गळती कुठली आहे हे ठरल्याशिवाय पैशाचं भांडण सुरूच करू नका.

तुम्ही नेहमी म्हणता, गिऱ्हाइकाला समजून घ्या. मी वीसेक वर्षं प्लंबिंग करतोय. पाचव्या मजल्यावर सामान न्यायचं तर लिफ्ट वापरू देत नाहीत. उन्हाळ्यात पाणी विचारत नाहीत, विचारलं तर वेगळा पेला. शेवटी ठरलेल्यातले दोनशे रुपये कापून हातावर ठेवतात. आम्हीच का समजून घ्यायचं?
— एक प्लंबर, कोल्हापूर

भाऊ, तुमचं पत्र मी शेवटी ठेवलं, कारण वरची चारही उत्तरं वाचून जो प्रश्न पडायला हवा तो तुम्ही विचारलात.

वेगळा पेला हा अपमान आहे. त्याला दुसरं नाव नाही. तुमच्या हातानं बसवलेल्या नळाचं पाणी ते घर पितं, त्यावरच देवाची पूजा होते. ज्या घरी असं होतं तिथं काम पूर्ण करा, पैसे घ्या आणि परत जाऊ नका. एवढं नुकसान आपण सोसायला हरकत नाही. हे मासिक वाचणाऱ्या घरमालकांनाही माझं सांगणं आहे, की दाराशी कारागीर आला की घरात जो पेला पाहुण्याला देता तोच त्याला द्या. आणि लिफ्टमध्ये पोतं टाकून, तळ झाकून सामान नेता येतं. सोसायटीच्या सभेत हा ठराव एकदा मांडा.

पैशाच्या कापाकापीचं थोडं वेगळं आहे. तिथं कंजूषपणा असतोच, पण बऱ्याच वेळा भीतीही असते. नळाचं काम काय आणि त्याचं मोल काय हे गिऱ्हाइकाला कळत नाही. न कळणाऱ्या गोष्टीचे पैसे देताना प्रत्येक माणसाला वाटतं, आपण फसतोय. तुम्ही डॉक्टरकडं गेलात तर तुम्हालाही वाटतंच. ती भीती आधीच काढून टाकली, तर कापायला कारण उरत नाही. काम बघून झालं की दर तोंडी सांगू नका, व्हॉट्सॲपवर लिहा. मजुरी वेगळी, माल वेगळा, येण्याचे वेगळे. मालाची पावती दुकानदाराची द्या. जुना कॉक, जुना वायसर, फुटलेला एल्बो फेकून न देता घरच्यांच्या हातात ठेवा आणि भेग कुठं होती ते बोटानं दाखवा. मध्येच काम वाढलं तर थांबून फोन करा, त्यांचा होकार आल्यावरच पुढं जा. एवढं करूनही कुणी दोनशे कापले, तर शांतपणे तो मेसेज उघडून समोर धरा आणि पूर्ण पैसे मागा. लाज त्यांना वाटायला हवी.

तुमच्या पत्राच्या मागच्या बाजूला तुम्ही बारीक अक्षरात एक लिहिलंय, की एका बंगल्यात सेप्टिक टँक तुंबला तर मालकानं तुमच्या हाताखालच्या पोराला आत उतरायला सांगितलं, जादा पैसे देतो म्हणाले. त्यावर सगळ्यांनीच लक्ष द्यावं. टाकीतला वायू दिसत नाही. त्यातला हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की वास घ्यायची शक्तीच मरते, म्हणजे माणसाला धोका कळेनासा होतो आणि तो खाली कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही मग परत येत नाही. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत किंवा गटारात उतरवणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि तो उतरवणाऱ्यावर लागतो. मालकाला हे माहीत नसेल तर तुम्ही सांगा, त्याच्या तोंडावर, पोरासमोर सांगा. तो पोरगा तुमच्या भरवशावर घराबाहेर पडलाय.

टाकी उपसायला सक्शनची गाडी मागवायची. महापालिकेची मिळते, खासगीही मिळते. ती येईपर्यंत घरातले नळ आणि फ्लश बंद ठेवायला सांगा, झाकण उघडं असेल तर त्याच्याभोवती दोरी बांधा, लहान मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नका, आणि गाडीवाल्याचा फोन नंबर घरातल्या बाईच्या मोबाईलमध्ये स्वतः टाकून द्या.